लाभाच्या पुढं दोन

मी शेर बोलतोय. टीव्हीतल्या हिंदीत शेर म्हंजी वाघ, तसला न्हाय राव. आमच्या पिंपरी पेंढारला बिबटं काय कमी न्हाईत, त्यात माझी भर कशाला? मी दाणं मोजायचा शेर. लोखंडी पत्र्याचं अंग, काठाला पितळंची कडी, बुडाला सरकारी शिक्का. मला चार येळा भरलं की एक पायली व्हती. एवढं ध्यानात ठिवा.

आन् एक गोष्ट आधीच सांगतो. रिकामं माप उताणं ठिवू नका. मूठभर दाणं तरी असू द्या पोटात. रिकाम्या मापात कायतरी येऊन बसतं. काय बसतं त्ये मला इचारू नका, मला नुसतं वजन कळतं. दाण्याचं वजन येगळं अन् त्ये वजन येगळं.

जुन्नरला एका लोहारानं मला ठोकून ठोकून गोल केला. आधी नारायणगावात खेमचंद शेटच्या दुकानात व्हतो. शेट मारवाडातला, पर मराठी आपल्यापेक्षा साफ. गिऱ्हाईकाला शीग लावून द्यायचा, म्हंजी काठाच्या वर टेकडी होस्तवर, अन् वरनं चार दाणं टाकायचा. फुडं किलोचा काटा आला अन् मी पडलो फळीखाली. तिथनं मला पिंपरी पेंढारच्या हौशीरामनं उचलला. तेव्हापासनं मी त्याच्या घरचा.

खळ्यावर मोजाय बसत्यात तेव्हाची रीत तुमाला ठाव हाय का? आजकालच्या पोरांना न्हाय ठाव. राशीभवती राखंची रेघ वढायची. मोजणाऱ्यानं एक अक्षर बोलायचं न्हाय, नुसता आकडा म्हणायचा. आन् पयल्या मापाला एक म्हणायचं न्हाय, 'लाभ' म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. कारण रेघंच्या भाईर कोन तरी उभं असतं म्हणत्यात, मोजलेलं ऐकत. जास्त ऐकलं की रास कमी व्हती. म्हून तर आमच्या घरात कुणी काय मोजायचं न्हाय. कोंबडीची पिल्लं मोजायची न्हाईत, आंब्याचा मोहर मोजायचा न्हाय, आन् माणसं तर मुळीच न्हाईत.

हौशीरामची नात तेजस्विनी. आईबाप चाकणला कंपनीत, पोरगी आजा-आजीपाशी. तिला घरात तेजू म्हणत्यात. दोन वर्सांमागं एकदा समदी जेवाय बसली व्हती. मी बाजरीच्या कणगीवर बसलेलो, मला समदं दिसत व्हतं. तेजूला शाळंत नवीनच आकडं शिकवल्यालं. तिनं बोट नाचवत नाचवत मोजलं, "आजी एक, आबा दोन, काका तीन, काकी चार, मी पाच."

आजीनं, प्रयागबाईनं, तिच्या बोटावर फटका दिला. "माणसं मोजू न्हाय गं. कमी व्हत्यात."

काका, म्हंजी सयाजी, हसला. "आत्या, मला मोजून कोन नेतंय? मला न्यायला क्रेन लागंल." प्रयागबाई त्याची आई, पर तिला समदं गाव आत्या म्हणतं म्हून त्यो बी आत्याच म्हणायचा. मंग समदी हसली.

त्याच आठवड्यात पाऊस थांबल्यावर सयाजी मोटार बघाय वहिरीवर गेला. लाइटीच्या पेटीत वल आल्याली. करंट बसून त्यो तिथंच चिकटला.

रडारड झाली, दहावं झालं, पावणं गेलं. पर त्या दिसापासनं तेजूनं एकबी आकडा म्हणला न्हाय. कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. दुखवट्याच्या घरात पोरीच्या वठावर काय हाय अन् काय न्हाय, कोन बघतंय? मला ठाव व्हतं. पर मी लोखंड.

यंदा दिवाळीच्या आधी शाळंतल्या वैजयंती मॅडम घरी आल्या. रुपालीनं, सयाजीच्या बायकोनं, चहा टाकला.

"आजोबा, तेजस्विनी वाचते छान. कविता तोंडपाठ असतात. पण गणिताचा तास आला की हात गार पडतात तिचे. दोन आणि तीन किती म्हटलं तर ओठ मिटून घेते."

हौशीराम म्हणला, "डोक्यातच न्हाय तर वठावर कुठनं यील? आमच्या घराण्यात कुणालाच हिशोब आला न्हाय. दिवाळी होऊ द्या. न्हाय जमलं तर शाळा बास. टमाटी खुडाय माणूस लागतंच."

"ढ नाहीये ती. घाबरलीये. कशाला, ते मला सांगत नाही."

"गणिताला कोन भ्येत न्हाय मॅडम? मी आजून भ्येतो."

"तुमी तर घरातल्या मांजराला बी भ्येता," प्रयागबाई म्हणली.

मॅडम हसल्या न्हाईत. जाताना तेजूकडं बघून गेल्या. पोरगी दाराआड उभी व्हती, दोनी हाताची बोटं मुठीत दाबून. बोटं दिसली की मोजली जात्यात, म्हून.

दिवाळी सरली. एक दिस म्हातारा-म्हातारी आळेफाट्याला दवाखान्यात गेली. जाताना प्रयागबाई म्हणली, "तेजू, दळणाला चार पायल्या बाजरी काढून ठिव गं."

टळटळीत दुपार. पडवीत बाजरीचं पोतं, म्होरं चादर, मधी मी. वारा पडल्याला. कुत्रं अंगणात झोपलं व्हतं, त्ये उगाच उठलं, माझ्याकडं बघितलं अन् शेपूट घालून निघून गेलं.

तेजूनं मला भरला अन् चादरीवर वतला. "लाभ."

परत भरला. "लाभ."

परत. "लाभ."

माझ्या पत्र्यावर काटा आला राव. हजार राशी मोजल्या मी, पर असं मोजणं न्हाय ऐकलं. पोरगी लाभाच्या म्होरं जातच नव्हती. परत्येक माप पयलंच. जगात दुसरं कायबी नसल्यासारखं.

रुपाली चुलीपासनं ऐकत व्हती. दारात आली. "तेजू, किती झालं?"

"लाभ."

"आगं लाभ म्हंजी पयलं. म्होरं?"

"म्होरं न्हाय काकी."

"का न्हाय?"

पोरीनं वतल्याली बाजरी तळहातानं सारखी केली. मंग चादरीकडं बघत म्हणली, "मी मोजलं म्हून काका गेला."

रुपाली हळूच येऊन खाली बसली.

"काका वल्या हातानं पेटी उघडाय गेला म्हून गेला. मी म्हणलं व्हतं, वायरमनला बोलवा. म्हणला, आत्ता येतो."

"मी मोजलं म्हून त्यानी तुझं ऐकलं न्हाय."

आता ह्याला काय बोलणार? सांगा की. तुमी शिकल्याली माणसं, सांगा. शब्दानं घातलेली भीती शब्दानं निघत असती तर देवऋषी उपाशी मेलं असतं.

रुपालीनं डोळं पुसलं न्हाईत. तेजूची मूठ धरली, तिच्यातनं एक बोट बळंच भाईर काढलं अन् सोताच्या छातीवर ठिवलं.

"मला मोज."

"न्हाय काकी."

"मोज म्हणते ना."

"काकी, नगं. तू पन जाशील."

"जायचं आसंल तर जाईन. मोज."

पोरीनं बोट काकीच्या छातीवर दाबलं. "ला...भ."

"आजी?"

"दोन." आवाज वहिरीतनं आल्यावानी.

"आबा?"

"तीन."

"आन् तू?"

"चार."

"झालं. आता आयक. लाईट आलीया. मी मोटार चालू कराय जाते."

सयाजी गेल्यापासनं वहिरीवर म्हातारा एकटाच जायचा. बाईमाणसाला तिकडं फिरकू द्यायचा न्हाय. रुपालीनं चादरीवरची बाजरी पोत्यात माघारी वतली, पायात रबरी चप्पल घातली, कोरडी काठी घेतली. पेटी नवी बसवल्याली, त्ये तिला ठाव व्हतं. पर तेजूला पेटी कुठं दिसत व्हती, तिला काका दिसत व्हता.

"तू हितं पयल्यापासनं मोजत बस. मोठ्यांदा. अंगणातल्या पायपाला पानी येस्तवर थांबायचं न्हाय. तू थांबलीस तर मी बी थांबन."

आन् गेली.

तेजूनं मला भरला. "लाभ." वतला. "दोन." तिचा घाम माझ्या काठावर पडत व्हता. "तीन." बांधावरनं रुपालीचं पातळ दिसंनासं झालं. "चार. पाच." नवावर आवाज चिरला, पर थांबली न्हाय. रडत रडत "दहा" म्हणली, "आकरा" म्हणली. समोरच्या रानात एक पान हालत नव्हतं, अन् तरी पडवीच्या भाईर कोन तरी उभं राहून ऐकतंय, असं मला वाटाय लागलं. राखंची रेघ कुणी वढली नव्हती.

आता जे सांगतो त्ये खोटं वाटलं तर वाटू द्या. पोरीनं डोळं गच्च मिटलं व्हतं. "सोळा" म्हणली अन् हात गळून मांडीवर पडलं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मी पोत्यात गेलो, भरलो, शीग लागली, चादरीवर वतलो गेलो. पोरीचं हात मांडीवरच व्हतं. मला धरणारी बोटं मोठी व्हती, अन् गार. वहिरीच्या तळच्या पान्यासारखी गार.

दाणं वतल्याचा आवाज आयकून तेजूनं डोळं न उघडताच म्हणलं, "सतरा."

मंग तिनं मला पुन्हा सोताच धरला. "आठरा. येकोणीस."

पाईप आधी धापा टाकाय लागला. रिकाम्या पायपातली हवा, पर ऐकणाराला वाटावं कुणीतरी दम खातंय. लांब, खरखरीत. पोरगी वराडून मोजत व्हती. "ईस! एकवीस!" पाईप एकदा उडाला, गप झाला. मला वाटलं, झालं.

"बावीस."

आन् भसकन पानी आलं. गढूळ, मंग निवळ. अंगणभर.

रुपाली आली तवा तिचं पातळ गुडघ्यापर्यंत भिजल्यालं. दारातच थांबली. तेजू उठून पळत गेली न्हाय. मला घट्ट धरून बसली व्हती, काकीला खालपासनं वरपातूर बघत.

"किती झालं?" रुपालीनं इचारलं.

"बावीस."

"पायल्या किती?"

तेजू चादरीकडं बघत बसली. वठ हालत व्हतं. मूठ उघडली, एक एक बोट उघडं पडलं, तिनं लपवलं न्हाय. "साडेपाच."

"आजीनं किती सांगितल्या व्हत्या?"

"चार."

"मंग? आता उरल्याली माघारी कोन वतणार, तुजा आज्जा?"

"दीड पायली. सा शेर." आन् पोरगी हसली का रडली, मला आजून कळलं न्हाय.

रुपाली तिच्याशेजारी बसली. दोघींनी मिळून सा शेर पोत्यात माघारी वतलं. परत्येकाला तेजू आकडा म्हणत व्हती. रुपालीचा हात मधीच माझ्या काठावर थांबला, पितळंवर. तिनं त्यो कायतरी गार लागल्यासारखा मागं घेतला, परत ठिवला, अन् लई येळ तिथंच ऱ्हाऊ दिला.

हौशीरामला संध्याकाळी समजलं. आधी सुनंवर भडकला, वहिरीवर गेलीच कशी म्हून. मंग प्रयागबाईवर, पोरीला भलतं सांगितलं म्हून. प्रयागबाई पोरीचं बोट हातात धरून बसली. शेवटी भडकायला कोन उरलं न्हाय तवा म्हातारा मला घेऊन सोता शाळंत गेला. टेबलावर आपटला. "मॅडम, हे घ्या. पोरीला ह्याच्यावर गणित येतं."

आता मी शाळंत ऱ्हातो. मॅडमनी कुठनं कुठनं माझी धाकटी भावंडं गोळा केली, मापटं, चिपटं, कोळवं. पोरं वाळू भरत्यात, वतत्यात. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा मी. अर्धा अन् पाव म्हणलं की जी वही मिटून बसायची, ती आता अर्ध्या-पावावरनं भांडत्यात. एक पोरगं 'लाभ' म्हणल्यावर हसलं व्हतं. मॅडमनी समद्या वर्गाला लाभापासनं मोजाय लावलं.

भीती गेली का? साफ न्हाय गेली. आकडा म्हणायच्या आधी तेजू आजून दाराकडं बघती. बघून घेती, अन् म्हणती.

तवा पावणं, येवढंच सांगतो. पोराला गणित येत न्हाय म्हणून 'ढ' म्हणाल तर तुमचंच डोस्कं मोजून घ्या आधी. त्याला इचारा, कशाला भ्येतोस. आन् उत्तर आलं की शानपणा शिकवू नका. त्याच्या शेजारी खाली बसा, आन् मोजू द्या.

मॅडमनी फळ्यावर गुणाकार लिवलाय. तेजू उठली. खडू घेतला. दाराकडं बघितलं.

आता गप बसा. मला आयकायचंय.