काळ्या फोडी

धुरपदाबाईंच्या वाफ्यात वांग्याची त्रेचाळीस झाडं होती. त्यांतल्या एकोणचाळीस झाडांना फळं लागली होती, चार नुसतीच वाढली होती. सहा फळांच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती. ती बियाणाला राखलेली, त्यांना हात लावायचा नाही. गेल्या सालचं सगळं बी त्यांनी या वाफ्यात टाकलं होतं आणि निम्मं उगवलंच नव्हतं. कवठे येमाईत दुसऱ्या कुणाकडे ही हिरव्या पट्ट्यांची काटेरी वांगी उरली नव्हती. मी नऊ घरी विचारून खात्री केली होती.

मी दौंडच्या एका कॉलेजात डॉ. विश्वजीत सरांच्या प्रकल्पावर सहायक आहे. वनस्पतींमधली पॉलिफेनॉल हा सरांचा विषय. फळ कापल्यावर हवेने जे घडतं, तसलंच काहीसं शरीरातही घडत असतं आणि ही द्रव्यं ते रोखतात, असं म्हणतात. शरीरातलं आम्ही मोजत नाही. आम्ही एका जांभळ्या द्रावणात फळाचा अर्क टाकतो, अर्धा तास अंधारात ठेवतो आणि रंग किती टक्के उडाला ते यंत्रावर वाचतो. जितका जास्त उडेल तितकं फळ दमदार.

पहिला नमुना धुरपदाबाईंनी स्वतः कापून, सावलीत वाळवून एसटीने पाठवला होता. फोडी पांढऱ्याशुभ्र होत्या. तुलनेसाठी शिरूरच्या बाजारातलं संकरित वांगं मी प्रयोगशाळेत कापलं, ते वाळताना काळंकुट्ट झालं. दोन्ही थाळ्या शेजारी ठेवून सर म्हणाले, "बघ, डोळ्यांनाच दिसतंय." मी वहीत लिहिलं : रंग पांढरा, जातीचा गुण.

संकरित वांग्याने साडेसदतीस टक्के रंग उडवला. धुरपदाबाईंच्या वांग्याने चौऱ्याऐंशी.

सरांनी पेपर लिहायला घेतला. कासुर्डीला हायवेलगत वांग्याच्या पावडरीचं युनिट टाकणारा एकजण दोनदा येऊन चहा पिऊन गेला. आणि मी फोनवर कळवलेल्या त्या आकड्याला धुरपदाबाईंच्या घरात जे वजन आलं ते मी दुसऱ्या नमुन्यासाठी गेले तेव्हा मला कळलं.

"ताई, एकदा कागुद द्या बाबा हातात," त्यांचा मुलगा सुदर्शन म्हणाला. "आईचं वांगं पास झालं तर वाफा ठेवतो. नापास झालं तर ट्रॅक्टरचा रोटर मारून शेवंती लावतो. तसं बोलणं झालंय आमचं."

"पासच हाय ते," धुरपदाबाई म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी टक्के. तुला धाव्वीला किती व्हते रं?"

"आई, पावन्यांपुढं नगं."

"एकूनपन्नास," त्या मला म्हणाल्या आणि विळीवर बसल्या.

त्यांनी पहिलं वांगं कापलं. फोडी शेजारच्या पातेल्यात टाकल्या. पातेल्यात पाणी होतं. कमरेला खोचलेलं लिंबू काढून त्यांनी विळीवर चिरलं आणि दोन्ही फोडी त्या पाण्यात पिळल्या.

"मावशी, हे काय?"

"लिंबू गं. न्हाईतर काळी पडत्यात."

"मागच्या वेळीही पिळलं होतं?"

"मंग? येवढ्या मोठ्या सायबाला काळ्या फोडी धाडू व्हय? म्हनंल, बाईनं हात तरी धुतलं का न्हाई. घरी खायाला मी कवाच पिळत न्हाई, नुसतं मिठाचं पानी."

लिंबातलं क जीवनसत्त्व जांभळा रंग उडवतं. हे मला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे. आणि वांगं काळं पडतं ते त्यातल्या पॉलिफेनॉलमुळेच, हेही. आम्ही जे शोधत होतो ते त्या बाईंनी आमच्या मानासाठी लपवलं होतं आणि मी त्याला जातीचा गुण म्हटलं होतं.

मी चार वांगी मागून घेतली आणि कोरड्या विळीवर स्वतः कापली. जेवण होईस्तोवर फोडी तपकिरी झाल्या, दुपारपर्यंत काळ्या. धुरपदाबाईंनी त्यांच्यावर पेपर झाकला.

"ह्या नेनार तू? सायबाला दावनार?"

"ह्याच न्यायच्यात, मावशी."

"आई, म्हस तोंड लावनार न्हाई आसल्याला," सुदर्शन हसला. त्या हसल्या नाहीत.

फोडी चार दिवस माळ्यावर वाळल्या. मी त्या कागदी पिशवीतून दौंडला आणल्या आणि सरांना सगळं सांगितलं. सरांनी पेन उघडलं.

"लिंबू किती पिळतात त्या? किलोला?"

"मोजून नाही पिळत, सर."

"मग आपण मोजू."

"सर, आधी या काळ्या फोडी मोजते. फक्त तीन नळ्या."

"सायली, जातीचं सोड आता. लिंबाचं प्रमाण बसवलं तर कुठल्याही वांग्याची पावडर चालते. कासुर्डीवाल्याला जात नकोच आहे, त्याला रोज दोन टन माल हवाय." त्यांनी पेपरचं शीर्षक खोडलं. धुरपदाबाईंचं नाव त्यात तळटीपेत होतं, तेही पान गेलं. "अकरा प्रमाणं करू. प्रत्येकी तीन वेळा. यंत्र पंधरा दिवस तेवढ्यालाच."

माझ्या पिशवीवर मी तारीख लिहिली आणि ती फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवली.

बाराव्या दिवशी सुदर्शनचा फोन आला. "ताई, रोटरवाला रविवारी येतोय. फुडं म्हैनाभर त्याला टाइम न्हाई. काय झालं आईचं?"

मी खोटं बोलत नाही. मला तसंच शिकवलंय : जे मोजलं तेच सांगायचं. मी म्हणाले, "पहिला आकडा धरू नका. तो लिंबामुळे आला होता."

"आन् दुसरा?"

"दुसरा अजून नाही. यंत्र मोकळं नाही."

"म्हंजी जे काय हाय ते लिंबात हाय. वांग्यात न्हाई."

"तसं मी म्हटलं नाही. माहीत नाही, एवढंच म्हणतेय."

"न्हाई म्हाईत म्हंजी काय वो ताई? पास का नापास?"

'थांबा' हा शब्द मला सुचला होता. त्याला आधार म्हणून माझ्याकडे एकही आकडा नव्हता, म्हणून मी तो उच्चारला नाही.

सोमवारी मी धुरपदाबाईंना फोन लावला. मागे शेवंतीच्या रोपांचे ट्रे उतरवल्याचा आवाज येत होता.

"बियाणाची वांगी काढली का, मावशी?"

"काढून काय करू? बी दुधात व्हतं अजून. पिकलं आसतं म्हैन्याभरात." मग म्हणाल्या, "चिंध्या तेवढ्या येचल्या मातीतनं. धुतल्या."

"सहाच्या सहा?"

"पाच घावल्या. तुझ्या सायबाला सांग, मी फसवायला न्हवतं पिळलं."

मी सांगते म्हणाले. सर तेव्हा आठव्या प्रमाणावर होते, मी आत गेले नाही.

सरांचं काम सतराव्या दिवशी संपलं. लिंबू लावलेलं संकरित वांगं त्र्याऐंशी टक्क्यांवर गेलं आणि त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. अठराव्या दिवशी दुपारी यंत्र मोकळं झालं. मी फ्रीजमधून पिशवी काढली, काळ्या फोडी कुटल्या, चाळल्या, अर्क काढला. जांभळं द्रावण ताजं केलं. अर्धा तास अंधारात ठेवून तीन नळ्या वाचल्या.

६१.२, ६०.८, ६१.६. सरासरी ६१.२ टक्के. संकरित वांगं, बिनलिंबाचं, त्याच द्रावणात, त्याच दिवशी : ३७.४.