गप्प बसायचं शिक्षण

"प्रश्न विचारलास की तोंडाला कुलूप लावायचं," असं मी नव्या संशोधक मुलीला महिनाभर बजावत होते. पण मुलाखतीत बाई बोलता बोलता जरा थांबली, की ही बया उत्तर तिच्या तोंडात घालायची. माझं डोकंच फिरायचं.

आज प्रसूती विभागाच्या प्रमुखांनी आमचा बाळंतिणींवरचा अहवाल टेबलावर आपटला. "'कळा सोसवेनात म्हणून ओरडले, तर नर्सनं थोबाडीत मारली.' हे वाक्य काढून टाका."

मी उसळणार, तोच मुलीनं टेबलाखाली माझा हात दाबला.

"का काढायचं, सर?" एवढं विचारून ती गप्प बसली.

सरांनी चष्मा पुसला. "एकीचंच तर म्हणणं आहे."

ती गप्पच. मीही दातओठ खात गप्प.

"बायका काय, बोलतात काहीबाही."

ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

"अहो, मारतात! मला काय माहीत नाही? पण सगळं लिहायचं कशाला?"

मुलीनं अहवाल उचलला.

"आता ते एकीचंच म्हणणं उरलं नाही, सर. वाक्य राहील."