भगदाडाचा नियम

शिंपीणबाईंनी डूख धरला होता, आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटत नव्हती. औषधवाल्याने वाकून नमस्कार केला की त्या त्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत.

नदीकाठच्या शहरांचं ते युद्ध रस्त्यावरून घरात शिरलं, तेव्हा घरांच्या या ओळीतल्या लोकांनी सामाईक भिंती फोडल्या होत्या. रस्त्यावर डोकं काढलं की गोळी; म्हणून एका घरातून दुसऱ्यात जायला कमरेएवढी भगदाडं. बेकरीतून औषधाच्या दुकानात, तिथून शिंपीणबाईंकडे, मग घड्याळजींकडे आणि त्यांच्या मागच्या दाराने पुलाकडे. भगदाडावर फक्त गोणपाट टांगायचं. कुणी ठोकलं की ते बाजूला करून हात द्यायचा.

पहिल्या हल्ल्यात शत्रू बेकरीच्या बाजूने आला. बेकरी बाईंच्या धाकट्या भावाची. तो ठोकत राहिला, आणि पलीकडे औषधवाला भगदाडाला बाटल्यांचं कपाट लावून त्याला पाठ टेकून बसला. पुलावर वाळूच्या पिशव्या शिवत बसलेल्या बाई धावत आल्या, तेव्हा ठोकणं थांबलं होतं. शत्रू मागे हटल्यावर भाऊ सापडला. त्याची बोटं सोललेली होती.

त्या संध्याकाळी बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जो भगदाड बुजवेल, त्याला यापुढे कुणी उघडायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. औषधवाल्यानेही डोलावली, न डोलावून सांगतो कुणाला?

आज शत्रू पुन्हा बेकरीत शिरला. धक्क्यांनी भिंतींचा गिलावा गळू लागला. बाईंनी घाई केली नाही. त्यांनी ताग्यांचं कपाट खांद्याने रेटत भगदाडासमोर आणलं. ते फरशीवर असं करकरलं की ओळभर ऐकू जावं. मग त्या वाट बघत उभ्या राहिल्या. कितीतरी दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

ठोकणं आलं.

"ताई, मी आहे. गोणपाट काढा."

"गोणपाट नाही. कपाट आहे." एरवी त्या त्याला अहो-जाहो करत, आज ते ओझं उतरलं. "तुला ओळखीचं असेल."

"मी घाबरलो होतो हो, ताई."

"माझा भाऊ काय म्हणत होता, ते सांग. मग बघते."

"शिव्या घालत होता. माझ्या सात पिढ्या उद्धरल्या त्याने."

बाईंना हसू फुटलं. हा भाऊ त्यांचाच, शंकाच नको. हसता हसता डोळे भरले, आणि क्षणभर त्यांचा हात कपाटाकडे गेलाही. मग ती सोललेली बोटं आठवली. रक्त पुन्हा उकळलं.

"तूही घाल," त्या म्हणाल्या. "जीव हलका होतो."

मागून तो ठोकत, हाका मारत राहिला. बाईंनी कात्री कमरेला खोचली, खोली ओलांडली आणि घड्याळजींच्या भगदाडापाशी वाकल्या. काम फत्ते झालं होतं. आता पूल गाठायचा. त्यांनी ठोकलं.

गोणपाट हललं नाही. त्यांनी हाताने ढकललं, तर आत लाकूड लागलं.

"घड्याळजी, मी आहे."

"कळलं, पोरी." म्हाताऱ्याचा आवाज अगदी जवळून आला. तो रडत असावा. "कपाट सरकवल्याचं ऐकलं आम्ही."

"तो माझ्या भावाचा खुनी आहे."

"आहेच. पण नियम तूच घातलास. माझ्या पाठीमागे सुना आहेत, नातवंडं आहेत. तुला उघडलं, तर उद्या आम्हाला कोण उघडेल?"

बाईंच्या ओठांवर कडक शब्द आले, पण घड्याळजींच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि इतकं हळू बोलल्याही नसत्या. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

कपाटापलीकडे औषधवाल्याचं ठोकणं थांबलं.