शिक्का नसलेला दगड

वजनमापं खात्याच्या साहेबांनी आक्काबाईच्या तागडीतला दगड उचलला, तेव्हा ती वांगी तोलत होती. एकाहत्तर साल उजाडलं तरी देवळालीच्या बाजारात तिचा किलो म्हणजे हाच दगड. साहेबांनी तो आपल्या पितळी किलोशी तोलला. दगडाचं पारडं खाली बसलं.

"बघा, जादाच भरतोय," ती म्हणाली.

"जादा असो नाहीतर कमी, त्यावर सरकारी शिक्का नाही. दगड जप्त."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी भाजीचा व्यापारी बन्सीशेठ बसला होता. त्यानं आपल्या किलोचं बूड कानशीनं घासून हलकं केलेलं अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. साहेबांनी ते वजन तोललंसुद्धा नव्हतं, नुसता शिक्का बघून पुढं सरकले होते.

दगड पिशवीत टाकून साहेब निघाले, तशी ती उठून आडवी आली.

"साहेब, तुमच्या बाईसाहेब दर बाजाराला माझ्याकडनंच भाजी नेत्यात. आज बन्सीशेठकडनं शिक्क्याच्या मापानं किलोभर वांगी घ्या, आन् घरी जाऊन तोला. दगड तुमच्याजवळच हाय."