गिटारीचे पोचे

तय्यब कलईवाल्याचं नाव माह्या दारात घेऊ नोका. लोक म्हनतात, तुळसाबाई, झालं गेलं, सोड आता. काहून सोडू? तुमच्या घरचं काय गेलं सोडाले?

आमचे हे, जानराव, मंगरूळच्या जिनात सरकी काढाच्या रेच्यावर होते. एक दिवस दात्यात अडकलेला कापूस काढाले डावा हात घातला आन मधली तिन्ही बोटं गेली. अंगठा राह्यला आन करंगळी. जिनवाल्यानं घरी बसवलं. त्याचं दुःख नव्हतं हो इतकं. यायचा जीव सारंगीत होता. गावात भजन असो का लगन, जानरावची सारंगी पाह्यजे. आता तारा दाबाच्या कायनं? सारंगी देऊन टाकली आन दिवसभर ओट्यावर बसून हात पाहत राहत. माही सासू गोजराबाई तोंडाची फटकळ. म्हने, "पाहून राह्यला कवाचा! बोटं उगवतेत काय तिथं?" म्हने आन मंग चुलीमागं जाऊन डोळे पुसे.

जर्मनीची लढाई लागली त्या सालची गोष्ट. उन्हाळ्यात फुलचंदशेठची नाटक कंपनी मंगरुळात उतरली होती. तिच्यात अंतोन नावाचा एक गोव्याकडचा वाजवनारा. त्याले हिवताप भरला. कंपनी कारंज्याले निघून गेली, हा आमच्या पडवीत पडून राह्यला. मी पेज करून देल्ली. उठून बसाले लागला तसा त्यानं यायचा हात पाह्यला आन हसला. मले असा राग आला! मेला आमची पेज पेते आन वरून हसते. पन तो म्हने, "जानराव, माझ्या वाद्याला असाच हात पाहिजे."

त्याची गिटार पितळेची होती, वरचा मुलामा जागोजाग उडालेला. ती मांडीवर आडवी ठेवाची. तारा बोटानं दाबाच्याच नाईत, वरून लोखंडाची कांडी सरकवाची. मधली बोटं नसली तं नसली! हे ऐकून यायनं हात धोतराले पुसला आन कांडी मागितली.

मंग सुरू झालं शिकनं. पयले तं मांजरीची शेपटी जात्याखाली सापडल्यावानी आवाज. सासू म्हने, "शेजारी घर सोडतीन." कांडी हातातून निसटे, म्हून मी लुगड्याची पट्टी फाडून ती पंजाले बांधून देऊ. दाबाचं नाई, नुसतं टेकवाचं. आन गिटारीच्या दांडीवरल्या बरोबर रेघेवर टेकवाचं, जराशी इकडंतिकडं झाली का सूर बिघडला. कांडीमागं तारा कनकन करत, तं अंतोन म्हने, मागून बोट हलकं फिरवत ने. बोट कोनतं? करंगळी! तिनंच सारं काम केलं. उजव्या हातानं तारा छेडाले बोटात पत्र्याच्या नख्या लागत, त्या तय्यबनं कापून देल्ल्या. खोटं काहून बोलू, चांगल्या देल्ल्या. बोटाले कुठं टोचल्या नाई.

एक दिवस मी डाळ घोटून राह्यली होती आन पडवीतून भजनातल्या आरतीची चाल आली. सारंगीवानीच, पन रडकी नाई, भरलेली. मी पळीसकट बाहेर आली. हे हसून राह्यले होते. बोटं गेल्यापासून मी यायचे दात पाह्यले नव्हते. माय वो, काय रडली मी!

अंतोनच्या छातीत दम राह्यला नव्हता, तो आपल्या गावी जानार होता. जाताना फुलचंदशेठले कारंज्याहून आमच्या घरी घेऊन आला. शेठ म्हनला, "चैतात पोहरादेवीच्या जत्रेत आमचा मुक्काम आहे. तिथं वाजवून दाखव, अंतोनची जागा तुझी." अंतोननं गिटार यायले देऊन टाकली. जाळी उघडून आतली एक उपडी वाटी दाखवली, पापडावानी पातळ. म्हने, आवाज हिच्यातून येतो, हिला जप. यायनं जपली. लेकराले जपत नाई कोनी, इतकी.

दसऱ्याच्या आधी आमच्याकडं सारे भांडे कलईले जातात. तय्यब घरोघर हिंडून भांडे गोळा करे. त्या दिवशी आमी दोघं वावरात. सासूनं गंज, परात, बगुनी काढून देल्ली. हा शहाना म्हनते, "आजी, भाऊची गिटारबी दे. पार पितळ उघडं पडलं तिचं. चमकवून आनतो." सासू बिचारी म्हनली, "ने बापा, तुहाच दोस्त हाये."

तिसऱ्या दिवशी आनली. चांदीवानी चमकत होती, डोळे दिपत. तय्यबचं तोंड त्याहून चमकत होतं. "भाऊ, पाह्य! पैसा घेनार नाई. आतली वाटी कोनत्या बयताडानं बनवली होती? सारी पोच्यापोच्याची. मी पोचे काढाले गेलो तं फाटलीच. कच्चा माल! म्हून हंड्याच्या बुडाचा जाड पत्रा घेऊन नवी ठोकून बसवली. आता तुह्या नातवाच्या हातूनबी फुटनार नाई."

पोचे नव्हते ते. वाटीच्या घड्याच होत्या तशा. कलईवाल्याले भांड्यावर उंचसखल दिसलं का हात शिवशिवते त्याचा.

यायनं मांडीवर घेतली. मी पट्टी बांधली. तार छेडली. ठक. दुसरी छेडली. ठक. पाटावर नख मारल्यावानी. यायनं पट्टी सोडली. तय्यबचं तोंड उतरलं. "भाऊ, आवाज... आवाज काहून नाई?" मी मात्र बोलली. जे तोंडात आलं ते बोलली. त्याच्या सात पिढ्या काढल्या. हे म्हनले, "चूप बैस, त्यानं चांगल्यासाठी केलं." चांगल्यासाठी! दैव देते आन कर्म नेते म्हनतात. पन इथं कर्म कोनाचं होतं, सांगा मले.

मंग तय्यबनं डब्याचा पत्रा पातळ करून पाह्यला, जुन्या झाकनीची वाटी करून पाह्यली. आवाज आला नाई तो नाईच. अंतोनच्या गावचा पत्ता कोनाजवळ नव्हता.

रामनवमीले पोहरादेवीले गेलो. गाडीत हे, मी आन तय्यब. मी म्हनलं, हा कायले? हे म्हनले, राहू दे, शेठ भला मानूस हाये, समजावून सांगू. लमानाच्या तांड्यातांड्यातून लोक लोटले होते. कंपनीच्या राहुटीत गेलो. फुलचंदशेठनं वळखलं, बसाले सतरंजी देल्ली. यायनं वाटीचं सांगाले सुरुवात केली, तं शेठ म्हनला, "सांगतोस काय, वाजव." यायनं वाजवलं. कांडी बरोबर रेघेवर, करंगळी बरोबर मागं. सारं बरोबर. मी सोता पाहून राह्यली होती, कुठं चुकलं नाई. पन ठक, ठक, ठक. कंपनीची पोरं फिदीफिदी हसली. एक म्हने, "हंडा घेऊन आला वाटतं नळावरून."

शेठनं गिटार हातात घेतली, उलटीसुलटी केली. मले वाटलं, समजलं याले. तो म्हने, "ही कलई कोणी केली रे?"

तय्यब मागं उभा होता. त्यानं हात वर केला.

"आमचे मुकुट काळे पडलेत, तलवारी वाकल्यात, बत्त्या गळतात. असा माणूस आम्हाला पाहिजेच. चल, आजपासून ठेवला तुला."

तय्यब म्हनला, "शेठ, जानरावभाऊले घ्याल तं येतो. नाईतं नाई." शेठ हसला. "हा काय करणार कंपनीत?"

तवा हे उठले. तय्यबच्या खांद्यावर हात ठेवला, तोच डावा. "जाय तय्यब. सकीना घरी हाये, दोन लेकरं हायेत. जाय." आन तो गेला. नाई नाई म्हनत गेला, रडत गेला, पन गेला ना?

परत येताना मीच गाडी हाकली. हे हसून सारं झाकत होते. बैलाले काही म्हनत, मले काही म्हनत.

आठ दिवसांनी सकीना आली. तय्यबच्या नोकरीची शिरनी घेऊन. साऱ्यात पयले आमच्या घरी आली म्हने, कारन भाऊच्या मेहरबानीनं झालं. मी दारातच अडवली. म्हनलं, "आमच्या इथं गोड खानारं कोनी नाई." आतून हे बोल्ले, "आन वहिनी, आन."

आन खाल्लं यायनं. सकीनासमोर बसून, ताटलीतली सारी शिरनी खाल्ली. वरून म्हनले, गूळ चांगला हाये. मी चौकटीले धरून यायच्या तोंडाकडं पाहत राह्यली. त्या दिवशी मले तय्यबचा नाई, यायचाच इतका राग आला का ताटली हिसकून फेकून द्यावी वाटलं.