वाट अडवणारी

मित्रांनो, आमच्या विमान कंपनीतल्या हिशेबवाल्या साहेबाचं वागणं मला मुळीच पसंत नाही. विमानातला मागचा संडास काढून तिथे तीन खुर्च्या बसवल्या, आणि वर त्या कशा दिसतात ते बघायला स्वतः येऊन बसला!

मी एक जुनी ढकलगाडी आहे. विमानात जेवण वाटतात ना, ती. अंग पत्र्याचं, पण रुबाब घरातल्या थोरलीचा. कारखान्यातून निघाले ती थेट मोठ्या विमानात कामाला लागले. तिथे खुर्च्यांमधून दोन वाटा होत्या. मी एकीत ठाण मांडलं तरी माणसं दुसरीतून जायची. माझी चाहूल लागली की झोपलेली पोरंसुद्धा टुणकन उठून बसत.

पुढे मोठी विमानं अर्धी रिकामी जाऊ लागली. रिकामी खुर्ची न्यायलाही इंधन लागतंच. मग साहेबाने एकाच वाटेचं, चिंचोळं विमान लांबच्या पल्ल्याला लावलं. इंधन कमी, खुर्च्या भरलेल्या. लहानशा गावातून थेट परदेशी जाता येऊ लागलं. खोटं कशाला बोलू, ते मलाही आवडलं. पण दिवसभराचा प्रवास, वाट एक, संडास पुढे आणि मध्ये मी, बाटलीत बूच बसावं तशी.

परवा मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. लेकीकडे निघालेले, नवी कोरी पँट घातलेले.

"पोरी, जरा वाट दे गं."

जेवण वाढणाऱ्या पोरीने मला लगेच उलटं ढकलायला घेतलं. पण माझा कोपरा पार पुढे, वैमानिकाच्या दाराशी. आजोबा खुर्च्या धरत माझ्यामागून आले. मध्येच थांबले. त्यांची मान खाली गेली, आणि मला कळलं.

त्यांच्या शेजारी बसलेल्या आजी मागून लगबगीने आल्या. माझ्यावरचा पाण्याचा जग उचलला आणि सरळ नवऱ्याच्या पँटवर ओतला.

"अगंबाई! सांडलं की! हात आहेत का काय माझे!"

"तुला कधी धड धरता आलंय?" आजोबा कसेबसे म्हणाले.

लोक आजींना हसले. त्यांना तेच हवं होतं. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं. जन्मभर माणसांना खाऊ घातलं, आणि आज एका म्हाताऱ्याची अब्रू माझ्यापायी जायची होती.

तेवढ्यात साहेब आला. "आजी, गालिचा भिजवलात. जरा बघून!"

"चुकलं हो," आजी म्हणाल्या.

चुकलं म्हणे! मला राहवेना. चाकं करकरवत मी त्याला तोंडावर सुनावलं, "गालिचा वाळेल, साहेब. आधी त्या तीन खुर्च्या काढ. तोवर माझ्याकडे जेवण मागायचं नाही."