सरकीची मान

दुर्गाबाईंचं म्हणणं असं, की त्यांची सरकी चुकली तर मान खाली घालते. साऱ्या गावात आपली चूक कबूल करणारा जीव म्हणजे ही एकटी मांजर, असं त्या विहिरीवर छातीठोकपणे सांगत आणि ऐकणाऱ्या बाया माना डोलवत. डोलवणार नाहीत तर काय करतील! त्या साली कापसाला सोन्याचा भाव होता. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात भाऊभाऊच एकमेकांवर बंदुका घेऊन उठले होते म्हणे, आणि त्यांच्या भांडणापायी वऱ्हाडच्या काळ्या मातीत रुपये उगवायला लागले होते. खुशालरावांच्या घरात कापूस इतका साठला, की माणसांना निजायला जागा उरली नाही. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आणि मांजरीला दूध प्यायला चांदीची वाटी आली. ज्या घरची मांजर चांदीच्या वाटीत दूध पिते, त्या घरच्या बाईचं मांजरांविषयीचं मत खोडून कोण काढणार?

मनातल्या मनात खोडून काढणारं एक माणूस त्याच घरात होतं, ते म्हणजे सून कौशल्या. सरकी दूध सांडायची, मग दुर्गाबाईंच्या पायांना डोकं घासायची, डोळे मिटायची, हे तिनंही पाहिलं होतं. "पाह्य, कशी माफी मांगून राहिली!" म्हणत दुर्गाबाई विरघळत आणि वाटीत आणखी दूध ओतत. कौशल्याला वाटे, ही कसली माफी, ही तर दुसऱ्या वाटीची मागणी. पण सुनेला वाटलेलं सुनेनं बोलायचं नसतं.

त्यात सध्या तर तिला तोंड मिटूनच राहायचं होतं. दिवाळीला तिला माहेरी पाठवलं नव्हतं, कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत म्हणून. तिवशाला भावाला मुलगा झाला होता आणि तिनं अजून त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आता कौंडण्यपूरच्या कार्तिकातल्या जत्रेचं निमित्त निघालं होतं. उद्या सकाळी तिचा नवरा सहदेव कापसाची गाडी घेऊन अमरावतीच्या बाजारात जाणार होता, तिथं तिचा भाऊ किसनराव तिला न्यायला येणार होता. गाठोडं बांधून झालं होतं. व्याह्यांकडे सून रिकाम्या हातानं गेली तर घराण्याची शोभा काय राहिली, म्हणून दुर्गाबाईंनी त्यांच्यासाठी तूप कढवायला शिंक्यावरच्या गाडग्यात लोणी साठवलं होतं.

निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी गाडगं उतरवलं, तर ते निम्म्यावर आलेलं.

"कोनं खाल्लं?" दुर्गाबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की ओट्यावर दातण करणाऱ्या सहदेवच्या हातून काडी पडली.

"मांजरीनं खाल्लं असन," तो तिथूनच म्हणाला.

मांजरीवर आळ येताच दुर्गाबाईंनी रीतसर न्याय करायचं ठरवलं. त्यांनी सरकीला उचलून आणलं, पाटावर बसवलं, तिच्या नाकाखाली गाडगं धरलं आणि दरडावून विचारलं, "तू खाल्लं का?" सरकीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मोठी जांभई दिली आणि पंजा चाटायला घेतला.

"झालं!" दुर्गाबाई म्हणाल्या. "तिचे डोये पाह्य. चोराचे डोये असे असतात काय?"

मग त्या सुनेकडे वळल्या. कौशल्या सासूसमोर उभी राहायची तशीच उभी होती, डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून. लग्न झाल्यापासून ती अशीच उभी राहत आली होती.

"अन् हिची मान पाह्य!"

कौशल्यानं घाईघाईनं मान वर केली.

"आता वर डोये करून पाह्यते! लाज हाय का काही?"

तिनं पुन्हा मान खाली घातली, तेव्हा तर गुन्हा शाबीतच झाला. "आत्याबाई, माह्याच माहेरी जानारं लोनी मी काहून खाईन?" एवढं तिनं पदराआडून कसंबसं विचारलं. दुर्गाबाईंकडे त्यालाही उत्तर तयार होतं. "तिथं भावजय हातावर देईन तेवढंच खा लागते, म्हनून इथंच खाऊन घेतलं असन!" निकाल असा लागला, की कौशल्या जत्रेला जाणार नाही. गाडीत तिच्याऐवजी कापसाचा एक बोजा जास्त जाईल.

सहदेवनं आईला समजावून पाहिलं. "मांजरीच्या तोंडावरून काय समजते, माय?" त्यावर, तुझ्या तोंडावरूनही आजवर काही समजलं नाही, असं त्याला ऐकावं लागलं. बिचारा दातण शोधायला गेला.

कौशल्या मागच्या खोलीत कापसाच्या ढिगात तोंड खुपसून रडली. कापसाची एक सोय असते, रडणं बाहेर ऐकू येत नाही. तिला सासूचा राग आलाच, पण त्याहून जास्त मांजरीचा आला. मेलीला मान ताठ ठेवायला आजचाच दिवस सापडला! आणि खरं सांगायचं तर सासऱ्यांचाही आला. खुशालराव एरवी तिची बाजू घ्यायचे. आज जेवताना मात्र त्यांनी ताटातून नजर वर उचलली नाही, भाकरी अर्धी टाकली आणि गोठ्यात निघून गेले. हल्ली त्यांचा मुक्काम गोठ्यातच असे. अकोल्याला कापूस वाहून वाहून त्यांच्या लाडक्या हौश्याचा खांदा जुवानं सोलवटला होता आणि तिथं मुठीएवढी सूज आली होती. घरात पोर रडते आणि यांना बैलाची काळजी, असं कौशल्याच्या मनात आलं. तिनं गाठोडं सोडून लुगडी परत फडताळात ठेवली.

दिवेलागणीला सरकी चुलीपाशी आली आणि दुर्गाबाईंच्या पायांवर डोकं घासायला लागली. डोळे मिटलेले, मान खाली. दुर्गाबाई कौतुकानं वाकल्या आणि एकदम थबकल्या. पांढऱ्याशुभ्र सरकीचं तोंड पिवळंधमक झालं होतं, लग्नातल्या नवरीसारखं. त्यांनी बोट लावून वास घेतला.

"हयद!" त्या म्हणाल्या. "अन् लोनी!"

सरकीला दुसरी वाटी मिळेना, तशी ती फणकाऱ्यानं पाठ फिरवून निघाली. तिच्यामागे हातात दिवा घेऊन दुर्गाबाई, त्यांच्यामागे कौशल्या आणि तिच्यामागे सहदेव, अशी मिरवणूक अंगण ओलांडून गोठ्यात गेली. तिथं सरकीनं गव्हाणीवर उडी मारली, गव्हाणीवरून हौश्याच्या पाठीवर चढली आणि त्याचा खांदा चाटायला बसली. हौश्या डोळे मिटून सुखानं रवंथ करत होता. शेजारी खुशालराव उकिडवे बसले होते. पुढ्यात शेणीचा निखारा, फडक्याची पुरचुंडी आणि पळसाच्या पानावर उरलेला लोण्याचा गोळा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी आणि हळद लावून शेकतात, ही खांदशेकणी घरोघरी होते. पण ती वर्षातून एकदा. ऐन कार्तिकात, व्याह्यांच्या लोण्यानं, घरधनिणीला न विचारता खांदशेकणी करणारा माणूस गावानं पाहिला नव्हता.

"तुमी?" दुर्गाबाईंच्या तोंडून एवढंच निघालं.

खुशालराव मान खाली घालून बसले होते. "पोया वर्षातून एकदा येते," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "अन् कापूस रोज जाते. त्याचा खांदा पाहवत नव्हता मले."

"मग सकाई काहून नाही बोलले? मी पोरीले एवढं बोलून राहिली होती तवा?"

"भ्यायलो," खुशालराव म्हणाले.

इतक्या खऱ्या उत्तरावर कौशल्याला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं, पण सकाळपासूनचं रडूही त्यातच मिसळलं आणि तिला हुंदकाच आला. खुशालराव उठले. सुनेकडे न बघता सहदेवला म्हणाले, "हौश्याच्या बदली शेजारच्या नत्थुजीचा बैल मांगून आन. अन् गाडीतले बोजे उतरव, हिले पाय पसरून बसता आलं पायजे. कापूस थांबन. पोरगी आता नाही थांबनार."

दुर्गाबाई दिवा तिथंच ठेवून घरात गेल्या. उरलेलं लोणी कढवताना चुलीवरून त्यांचा आवाज आला नाही, आणि ही गोष्ट त्या घरात कापसाच्या भावाहून नवलाची होती.

सकाळी गाडी जुंपली. दुर्गाबाई गाडीभोवती घुटमळत होत्या. तुपाचं गाडगं नीट ठेवलं, ते उचलून पुन्हा दुसरीकडे ठेवलं. कौशल्याचं गाठोडं स्वतःच बांधून आणलं होतं, ते तिच्या पायाशी सरकवलं. मग गोधडी तिच्या गुडघ्यांवर ओढली. "थंडी हाय," चाकाकडे बघत म्हणाल्या. पुन्हा एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "किसनरावले सांगजो, गाडी हळू हाकलजो." कालच्या निकालाबद्दल शब्द नाही. कौशल्या वाट पाहत होती आणि तिचा राग अजून गेला नव्हता.

"येतो मी, आत्याबाई," ती नुसतीच म्हणाली.

गावाबाहेर पडल्यावर पायाला काही टोचलं म्हणून तिनं गाठोडं उघडलं. लुगड्याच्या घडीत सरकीची चांदीची वाटी होती. राखेनं घासून लखलखीत केलेली, आत बाळाच्या काजळाची डबी, आणि काठावर मांजरीच्या दाताचा बारीक ओरखडा तेवढा तसाच. रोज ती वाटी घासणाऱ्या कौशल्याला तो ओरखडा पाठ होता. तिला दिसलं, आता घरी सरकी ओट्यावर बसून वाटीसाठी ओरडत असेल आणि आत्याबाई तिच्यापुढे मातीचं भांडं सरकवत असतील. ती वाटी पोटाशी धरून हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

सहदेवनं मागे वळून पाहिलं. "काय झालं वं?"

"काही नाही," कौशल्या म्हणाली. "आत्याबाईनं मान खाली घातली."